अंगावरून पांढरे जाते, त्याविषयी

मायबहिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या गडीमाणसांनो,

आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज वाचायचे नाही, ऐकायचे आहे. आज आम्ही अशा एका गोष्टीवर बोलणार आहोत, जी प्रत्येक घरात आहे, पण कोणत्याच घरात उघड बोलली जात नाही. बायकांच्या अंगावरून पांढरे जाते, ती ही गोष्ट. कोणी तिला धुपणी म्हणते. कोणी नुसतेच ‘अंगावरून जातंय’ म्हणते आणि मान खाली घालते.

झाले! लगेच पदर तोंडाला लागले. मागची दोन माणसे बिडी ओढायला बाहेर निघाली. अहो, थांबा. बिडी कोठे पळून जात नाही. तुमच्यासाठीच तर आम्ही उभे राहिलो आहोत. बायकांना सांगायला आशाताई आहेत, नर्सबाई आहेत. त्या आमच्याहून चांगले सांगतात. पण परवा आशाताई म्हणाल्या, “मास्तर, मी सांगते ते बायकांना पटतं. पण घरी गेल्या की दवाखान्याला पैसे मिळत नाहीत आणि सोबतही मिळत नाही. गड्यांना तुम्हीच सांगा. तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्यात त्यांनी, तुमचं ऐकतील.” म्हणून आम्ही आलो. छडी मात्र आणलेली नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तरांनी म्हातारपणी हे काय आरंभले? आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेले, सदतीस वर्षे पोरांना बाराखडी घोकवलेले मास्तर आहोत. जे सांगू ते डॉक्टरांना विचारून आणि वाचून सांगू. पण एक गोष्ट आमच्या घरची आहे. ती आधी ऐका.

आम्हाला एक थोरली बहीण होती. आम्ही तिला आक्का म्हणत असू. आमची आई लवकर गेली. आक्काने लग्न झाल्यावर आम्हाला आपल्या सासरी नेले आणि शिकवले. मॅट्रिकच्या परीक्षेची फी तिने शेळी विकून भरली. पुढे तिचे मालक वारले, मुलगा पुण्याकडे कारखान्यात लागला, आणि आक्का आमच्याकडे राहायला आली.

१९९८ सालची गोष्ट. आक्काने पन्नाशी ओलांडली होती. पाळी जाऊन चारएक वर्षे झाली होती. त्या पावसाळ्यात ती पडवीत निजू लागली. ‘आत उकडतंय’ म्हणाली. मग आमच्याबरोबर जेवायला बसेना. ‘मी मागनं खाते’ म्हणाली. सगळे उठायच्या आत आडावर जाऊन काहीतरी धुऊन येई. आम्हाला वाटले, वय झाले की माणूस असे वागते. आमच्या मंडळींच्या मात्र लक्षात आले. त्या एकदा हळूच म्हणाल्या, “आक्कांच्या अंगाला वास येतोय. काहीतरी आहे.” आम्ही म्हणालो, “उगाच कोणाविषयी काही बोलू नये.” हे आमचे शब्द आहेत. ते आम्ही आजवर विसरलो नाही.

आक्का बाजाराच्या गावी जाऊन औषध आणत होती, हे नंतर कळले. तिथल्या डॉक्टरने तीन वेळा गोळ्या दिल्या, एकदा सुई दिली. तपासले मात्र एकदाही नाही. खरे म्हणजे आक्कानेही तपासू दिले नसते. असे सहा-सात महिने गेले. मग एका सकाळी फार रक्त गेले. तेव्हा जीप करून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तपासून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आम्हाला विचारले, “इतके दिवस काय करत होता?” गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि तो आजूबाजूला पसरला होता. किरणांचे उपचार केले. दुखणे थोडे कमी झाले, एवढेच.

एकदा खाटेशी बसून आम्ही तिला विचारले, “आक्का, सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “आरं, भावाला ह्ये कसं सांगावं? आन तुझ्या बायकूला सांगितलं तर म्हनंल, म्हातारपनी ह्ये कसलं लक्षान.” १९९९ च्या आखाडात आक्का गेली.

आता कोणी घाबरू नका. पांढरे जाते म्हणजे कॅन्सर होतो, असे आम्ही मुळीच सांगत नाही. उलट सांगतो, की बहुतेक वेळा पांढरे जाणे हा आजारच नसतो. आजार कोणता आणि आजार नाही ते कोणते, एवढे कळले म्हणजे झाले. अक्षर ओळखता येते तसे हेही ओळखता येते. ‘घ’ आणि ‘ध’ यांत प्रथम घोटाळा होतोच की!

डोळ्यात पाणी असते. तोंडात लाळ असते. डोळा कोरडा पडला तर खुपतो, तोंड कोरडे पडले तर घास उतरत नाही. तसाच बाईच्या मायांगातही ओलावा असतो. मायांग म्हणजे मूल बाहेर येण्याची वाट. गर्भपिशवीच्या तोंडाशी बारीक ग्रंथी असतात. त्या चिकट द्रव तयार करतात. वाटेच्या आतल्या कातडीचे जुने थरही झडतात. हे सगळे मिळून बाहेर येते, तेच पांढरे. आतली घाण धुऊन काढण्याची ही शरीराची स्वतःची सोय आहे.

त्यात आणखी एक नवल आहे. तुम्ही रोज दुधाला विरजण लावता. विरजणात बारीक जिवाणू असतात. ते दूध आंबवतात, आणि दही झाले की ते दुधासारखे लवकर नासत नाही. अगदी त्याच जातीचे जिवाणू बाईच्या मायांगात राहतात. तिथल्या साखरेचे ते आंबट द्रवात रूपांतर करतात. त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना तिथे थारा मिळत नाही. म्हणजे देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, राखणीला विरजण लावून ठेवले आहे! म्हणून चांगल्या पांढऱ्यालाही किंचित आंबूस वास असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि आपण काय करतो? वास येतो म्हणून आत साबण लावतो. कोणी तुरटीचे पाणी घालते, कोणी लिंबू पिळते, कोणी जखमेवर लावायचे उग्र औषध पाण्यात टाकून आत धुते. अहो, दह्याच्या भांड्यात साबण ओतला तर विरजण राहील काय? विरजण मेले की वाईट जंतूंना मोकळे रान. मग खाज सुटते, आणखी वास येतो, आणि बाई आणखी धुते. बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आतला भाग शरीर स्वतः धुते. तिथे हात घालू नका.

हे पांढरे महिनाभर सारखे नसते. पाळी गेल्यावर थोडे दिवस जवळजवळ कोरडे असते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास, ते वाढते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे पातळ आणि तार सुटणारे होते. ते दिवस गर्भ राहण्याचे असतात. ज्यांना मूल हवे आहे आणि ज्यांना नको आहे, दोघींनीही हे ध्यानात ठेवावे. पुढे ते घट्ट होते. पोटुशी बाईला जास्त जाते. पाळीच्या शेवटी तपकिरी दिसते. कपड्यावर वाळले की पिवळसर डाग पडतो. हे सगळे ठीक आहे. पोरगी मोठी होऊ लागली की पहिल्या पाळीच्या आधी वर्ष-सहा महिने तिलाही पांढरे जाऊ लागते. बिचारी घाबरते आणि कोणाला सांगत नाही. आईने आपण होऊन सांगावे.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. पांढरे जाते म्हणजे हाडे झिजून वाहतात, अंगातले सत्त्व जाते, म्हणून कंबर दुखते आणि चक्कर येते. आमच्या गल्लीतली एक सून अशीच झुरत होती. सासू म्हणे, हिची हाडं वितळायला लागली. दोन वर्षे गावठी औषधे झाली. शेवटी नर्सबाईंनी बोटातले रक्त तपासले. रक्त फारच कमी होते. तपासणीत पांढरे साधेच निघाले. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली आणि सगळ्यांच्या शेवटी उरलेले खाण्याची सवय सोडायला सांगितले. चार महिन्यांत ती डोक्यावर दोन घागरी घेऊन चालू लागली. हाडे वितळून कधीच बाहेर येत नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवा. अशक्तपणा असेल तर रक्त तपासा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. दोष तिथे आहे, आणि दोष पांढऱ्याला लागतो.

आता आजाराचे पांढरे कसे ओळखावे? रंग, वास, खाज आणि दुखणे, एवढे पाहावे. आपले नेहमीचे कसे असते हे जिचे तिला माहीत असते. ते बदलले की समजावे, काहीतरी आहे.

फुटक्या दह्यासारखे गोळे जातात आणि भयंकर खाज सुटते, तेव्हा बहुधा बुरशी धरलेली असते. लोणच्याला धरते तशीच. साखरेचा आजार असेल तर ती पुन्हा पुन्हा धरते. म्हणून अशा बाईची साखरही तपासावी. राखाडी, पातळ आणि मासळीसारख्या वासाचे जात असेल तर विरजण बिघडलेले असते. यांवर गोळ्या आहेत आणि त्या लवकर गुण देतात. मात्र शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. एकीचे औषध दुसरीला लागू पडेलच असे नाही.

हिरवट-पिवळे, फेसाळ जात असेल, किंवा पुवासारखे जाऊन ओटीपोटात दुखत असेल, ताप येत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर मात्र उशीर करू नये. हे जंतू बहुधा संबंधातून आलेले असतात. ते वर गर्भनळ्यांपर्यंत चढले तर नळ्या चिकटतात. मग मूल राहत नाही. आणि मूल राहिले नाही म्हणजे आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोष सुनेला, आणि दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी!

गडीमाणसांनो, आता नीट ऐका. या आजारात बायकोने एकटीने औषध घेऊन भागत नाही. नवऱ्यानेही घ्यावे लागते. तुम्हाला काही होत नसेल, तरी जंतू तुमच्या अंगात असू शकतात. ती बरी होते, तुमच्याकडून पुन्हा तिला लागण होते. मग तुम्ही म्हणता, हिचं दुखणं काही सरत नाही. एका बैलाची गोचीड काढली आणि दुसऱ्याची ठेवली, तर गोठा साफ होईल काय? औषध पुरे होईपर्यंत संबंध टाळावा किंवा निरोध वापरावा. आणि आजार कोणी आणला यावरून घरात भांडण करू नये. काही जंतू अंगात महिनोन् महिने गुपचूप असतात.

लहान पोरीला वास मारणारे किंवा रक्ताळ जात असेल तर तिला रागावू नका. जंतांमुळे खाज असेल, खेळताना काही आत गेले असेल. कोणी तिला त्रास दिला असेल, हेही असू शकते. तिला जवळ घ्या आणि दवाखान्यात न्या. पोटुशी बाईला एकदम पाण्यासारखे जाऊ लागले तर त्याच घटकेला गाडी काढा.

आणि आता आक्काचे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्ताचा एक थेंब जरी दिसला, संबंधानंतर रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाऊ लागले, किंवा मांस धुतल्यासारखे वास मारणारे पाणी जाऊ लागले, तर आत तपासून घेतल्याशिवाय गोळी घेऊ नये. दर वेळी कॅन्सरच निघतो असे नाही. पण तपासल्याशिवाय ते कोण सांगणार?

तपासणीचीच भीती फार. ती कशी असते ते सांगतो. बाईला पाठीवर निजवतात. वर चादर घालतात. डॉक्टरीणबाई किंवा शिकलेल्या नर्सबाई चमच्यासारख्या साधनाने वाट जरा उघडून गर्भपिशवीचे तोंड पाहतात. पाहून झाले की सिरक्यासारखा आंबट पातळ द्रव त्यावर लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा असली तर ती पांढरी दिसते. पाच-दहा मिनिटांचे काम. जरा अवघड वाटते. बाळंतपणाच्या कळा सोसणाऱ्या बाईला त्याचे काय? तीस वर्षांवरील बाईने काही त्रास नसतानाही पाच वर्षांतून एकदा ही तपासणी करून घ्यावी, असे सरकारचे सांगणे आहे. कारण हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू संबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो मुक्काम करतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षे किंवा जास्तच लागतात. एवढ्या वर्षांत एकदा तरी कोणी पाहिले, तर बिघडलेली जागा वेळीच काढता येते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी या विषाणूची लसही आहे.

आमच्या आक्काला कोणी पाहिले नाही. पण ती एकटीच नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ती हकीकत १९८९ साली विलायतेतल्या वैद्यकाच्या मोठ्या पत्रात छापून आली आणि जगभरचे डॉक्टर चकित झाले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना पोटाचा किंवा मायांगाचा काही ना काही आजार निघाला. ज्यांची काही तक्रार नव्हती त्यांच्यांतही निघाला. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ!

आक्का गेली त्याच वर्षी, १९९९ साली, आमच्याच जिल्ह्यात एक मोठे काम सुरू झाले. तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, आता धाराशिव आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचे लोक गावोगाव आले. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचे चार गट केले. एका गटात त्या विषाणूची तपासणी फक्त एकदा केली आणि दोष निघाला तिथे उपचार केले. एका गटात नेहमीचेच चालू दिले, वेगळी तपासणी केली नाही. दोन्ही गटांत तीस हजारांवर बायका. आठ वर्षांनी हिशेब मांडला. तपासणी न केलेल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या. विषाणूची तपासणी केलेल्या गटात ३४. ही हकीकत २००९ साली छापून आली. त्या ६४ जणी आपल्याच भागातल्या होत्या. त्या गटाची तपासणी का केली नाही, म्हणून पुढे विद्वानांत वादही झाला. आमचे मनही तिथे अडखळते. पण एका तपासणीने किती फरक पडतो, ते या आकड्यांवरून कळते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर तुम्ही उद्याच धावत जाल आणि फसाल. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या भराभर काढल्या जात होत्या. २०१९ साली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पुष्कळ जणी तरण्याताठ्या होत्या. पोट दुखते, पांढरे जाते म्हणून त्या गेल्या, आणि ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असा धाक घालून त्यांना टेबलावर घेतले, असे कित्येकींनी सांगितले. आधीच पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते. बायकांनाही वाटले, कटकट गेली. पण तरुणपणी पिशवी काढली, आणि तिच्याबरोबर अंडकोश काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणजे पांढऱ्याने हाडे झिजत नाहीत, पण त्याच्या भीतीने केलेल्या शस्त्रक्रियेने झिजू शकतात!

म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली तर विचारावे, “कशासाठी? तपासणीचा कागद कुठे आहे?” तो कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा. साध्या पांढऱ्यासाठी पिशवी काढत नाहीत. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. कागद मागायला घाबरू नका.

पाळीचे फडके साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. इतर कपड्यांखाली दडपून ओले ठेवू नये. हे नर्सबाईंनी शंभरदा सांगितले आहे. आम्ही आणखी एवढेच म्हणतो, की घरात उन्हाची एक दोरी बायकांसाठी राखून ठेवावी आणि तिच्याकडे पाहून कोणी दात काढू नयेत. आमची आक्का अंधारात धुऊन पडवीच्या कोपऱ्यात वाळत घालत असे.

येत्या बुधवारी डॉक्टरीणबाई आपल्या गावात येणार आहेत. शाळेच्या दुसऱ्या खोलीला पडदे लावले आहेत. आत बायकाच असतील, पुरुष कोणी नाही. ज्यांना तपासून घ्यायचे आहे त्यांनी आशाताईंच्या वहीत नाव लिहावे. आजार लिहायचा नाही, नुसते नाव. आता अंगठा चालणार नाही, सही करायची. त्या दिवशी पोरे सांभाळणे, जनावरांना पाणी दाखवणे आणि चूल पेटवणे, ही कामे गडीमाणसांची. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या ओळीत आमच्या मंडळींचे नाव आहे.